कोपरीचा तवा, मुक्काम शीळफाटा

पुरवणी जबाब
दि. ११/११/२०२५, सकाळी ११.०५ वाजता

मी, श्रीमती शीला उत्तम चाळके, वय ६२ वर्षे, धंदा पूर्वी घावण्यांची गाडी, हल्ली घरीच, राहणार कोपरी, ठाणे पूर्व. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते असे की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती उत्तम हे जून २०२३ मध्ये हृदयविकाराने वारले. मुलगी संचिता लग्नानंतर घोडबंदर रोडला राहते. माझा तवा चोरीस गेल्याची तक्रार मी दि. ३/१०/२०२५ रोजी येथे दिली होती. तव्यासाठी कोणी पोलिसांत येते का, असे त्या दिवशी येथील एका साहेबांनी मला विचारले होते. म्हणून तवा कसला, ते आधी सांगते.

सदर तवा घरात चपात्यांना असतो तसा नाही. सपाट लोखंडी प्लेट आहे, अडीच फूट बाय दोन फूट, दोन माणसांशिवाय उचलत नाही. माझे पती वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेशनच्या कामाला होते. १९९७ साली तो कारखाना बंद पडला, तेव्हा त्यांनी ही प्लेट आणली, कडा स्वतः घासल्या आणि खाली गॅसचे दोन बर्नर बसवले. एका वेळी चार घावणे होत. कोपरीत बदामाच्या झाडाखाली आम्ही सव्वीस वर्षे गाडी लावली. मी पीठ ओतायचे, ते उलथायचे. तवा तापला की नाही हे ते पाण्याचा शिपका मारून कानाने ठरवत. "शीला, आता घाल," असे म्हणत. त्याआधी मी कधी पीठ घातलेले नाही.

ओळखीची खूण विचारल्यावरून सांगते की, तव्याच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात वेल्डिंगने बुजवलेले भोक आहे. जास्तीचे तेल निथळावे म्हणून पतींनी ते पाडले, पण नेमके माझ्या बाजूला. पंधरा दिवस तेल माझ्या साडीवर गळत होते. मी बोलायचे ते बोलले. त्यानंतर त्यांनी भोक बुजवले.

तवा आम्ही कधीही साबणाने धुतला नाही. रात्री तापल्या तव्यावर पाणी मारायचे, पुसायचे, नारळाच्या शेंडीने तेल फिरवायचे. २००४ साली संचिता आठवीत असताना तिने आम्हाला मदत म्हणून तवा पावडर लावून लख्ख घासला. पती तेलाचा थर पुन्हा बसावा म्हणून दिवसभर बसून कांद्याची सालं आणि तेल जाळत राहिले. तीन आठवडे घावणे फाटत होती. गिऱ्हाइकांनी ती फाटकी घावणे खाल्ली, कोणी कुरकुर केली नाही. तशी माणसे होती. मला त्या दिवसांची फार आठवण येते. हे जबाबात बसत नसेल तरी लिहावे, असे मी साहेबांना सांगितले.

पती गेल्यावर मी गाडी बंद केली. तवा जिन्याखाली उभा असे. दर शनिवारी मी त्याला तेल लावत असे. दि. १/१०/२०२५ रोजी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारे पूजतात, आणि पूजलेली वस्तू दसऱ्याचे सोने लुटेपर्यंत जागची हलवत नाहीत. शेजाऱ्यांच्या मदतीने मी तवा आवारात आणला, हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला आणि रात्रभर तिथेच ठेवला. दसऱ्याच्या संध्याकाळी पाहते तर हार खाली पडलेला आणि तवा गायब. बिल्डिंगला रंग देणाऱ्यांनी आवार मोकळे करताना तो भंगारात दिला, हे मला पुढे समजले.

दि. ९/११/२०२५ रोजी रविवारी मी संचिताच्या गाडीतून डोंबिवलीला निघाले होते. शीळफाट्याला गाड्या तुंबल्या होत्या. रस्त्याकडेला एक बाई तव्यावर पाण्याचा शिपका मारून थांबलेली दिसली. मी दार उघडले. "आई, काय करतेयस? मध्येच कुठे उतरतेस?" असे संचिता ओरडली. मी उतरले. साठी उलटली म्हणून माझे डोळे गेलेले नाहीत. डाव्या कोपऱ्यात वेल्डिंग होते.

सदर बाईचे नाव रखमाबाई व तिच्या पतीचे काळुराम असे समजले. तवा कुठून आणला असे विचारता रखमाबाई म्हणाली, "भंगारवाल्याकरशी घेतला, मावशे. हलद लागलेली व्हती त्याला. मी पयले पाया परले, मंग पेटवला." मी एक घावण मागितले. पिठात मीठ कमी होते. पण घावण तव्यावरून अलगद सुटले, कड कुठे तुटली नाही. मी तिथे रस्त्यावर उभी राहून रडले. नंतर संचिताने पोलिसांना फोन केला.

आज रोजी काळुराम यांनी स्वतः टेम्पो करून तवा पोलीस ठाण्यात आणला. तो गोणपाटात गुंडाळलेला होता. गोणपाट सोडून पाहता तव्याला ताजे तेल लावलेले दिसले. पुरावा म्हणून आणलेल्या वस्तूला तेल कशाला लावले, असे साहेबांनी विचारले. "उगरा रव्हला त गंजंल ना, सायब," असे काळुराम म्हणाले.

तवा माझाच आहे. तो मला आज घरी नेता येईल का, असे मी विचारले. तवा मुद्देमाल म्हणून जप्त होईल, कोर्टाचा हुकूम होईपर्यंत मागच्या आवारात राहील, असे साहेबांनी सांगितले. मी मागचे आवार पाहून आले. तिथे मोटारसायकली आहेत, त्यांच्यातून गवत वर आले आहे. एक स्कूटर २०१४ सालापासून आहे. संचिताने मला विचारले, "आई, मिळाला तरी तू त्याचं करणार काय?" मी एकटी तो उचलू शकत नाही आणि उलथायला कोणी नाही.

तरी माझे म्हणणे असे की, सदर तवा चोरीस गेलेला नाही. तो मी काळुराम व रखमाबाई यांना दिलेला आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

हा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. वाचून झाल्यावर साहेबांनी विचारले की, आजी, तवा दिला म्हणता, पण कधी दिला त्याची तारीख-वेळ यात नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले व सांगितले की, लिहा, आज दि. ११/११/२०२५ रोजी, दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी, या टेबलासमोर, माझ्या हाताने दिला.

सही
शीला उत्तम चाळके