मालकाचं नाव

— न्हाई, टरक थांबू दे. डायवरला म्हणावं इंजन बंद कर, आन् तू बस ह्या दगडावर, रामकिसन. सोसायटीचा क्लार्क झालास म्हणून माझ्यापुढं उभ्यानं बोलशील व्हय? तुझ्या आईला भाकर थापायला मी शिकवलंय. बस. आन् ते रजिस्टर मिटू नको. काय लिवलंय ते परत वाच. वाच की. ‘एक गाय, बांडी, बेवारस.’ हां. मला अक्षर येत न्हाई, पण हा शब्द मला कळतो.

आता तिकडं बघ, लिंबाखाली. गायीच्या गळ्यात हात घालून कोण बसलंय? छबुबाईच ना? मग बेवारस कशी रं ती गाय? नांदूरघाटाकडून दोन दिवस पायी आलीय बाई, गाय म्होरं, आपण मागं. नवरा वारला, दिरानं घराला कुलूप घातलं, म्हणला, तुझी गाय घे आन् वाट धर. हिनं कुठंशी ऐकलं, पालीला सोसायटीनं दुष्काळाची छावणी काढलीय, जनावराला चारा हाय, पाणी हाय. आली. बारा दिवस झाले. गायीपाशी झोपती, तीन दगडांवर शिजवती, आमच्या सगळ्यांच्या म्हशींचं शेण काढती, कुणी सांगितलेलं नसताना. आन् छावणीचा कायदा काय तुमचा? जनावर आसंल तर माणसानं राहायचं, जनावर न्हाई तर माणसानं निघायचं. म्हंजे बाईला आसरा पायजे तर तिच्या हातात दावं पायजे. कुणी काढला हा कायदा म्हणते मी — कुणाच्या घरी बसून काढला? ते दावं तू आज सोडायला आलास. गाय टरकात घालून गेवराईच्या पल्याड कुठल्याशा कोंडवाड्यात न्हेणार म्हणं. आन् बाईला कुठं न्हेणार? त्याचा रकाना हाय का तुझ्या रजिस्टरात? न्हाई ना?

मला काय शिकवतोस, तिनंच सांगितलं म्हणून? काय सांगितलं तिनं? परवा तू दावणी-दावणीनं इचारीत फिरत होतास. तिच्यापाशी आलास, वर न बघताच इचारलंस, मालकाचं नाव? तिनं पदर डोक्यावर वढला आन् म्हणली, “मालक न्हाईत. दोन वर्सं झाली.” अरे, बाईला मालक इचारला तर ती काय गायीचा सांगंल? तुझी बायको शेजारणीला म्हणती ना, आमचे मालक तालुक्याला गेलते — तवा तू काय बैलाचा मालक म्हणून जातोस? हात जोडून ती नवऱ्याचं मरण सांगती आन् तू गाय बेवारस लिवून म्होरं चाललास. बारावी झालास ना रं तू? तेवढं मराठी न्हाई आलं?

काय म्हणलास? तवाच का न्हाई बोलले? मी कुठं होते तवा — पाण्याला गेलते. हौदावर रांग होती. सकाळपासून … न्हाई. जाऊ दे. खोटं कशाला बोलू. होते. तिच्या मागंच घागर घेऊन उभी होते. तू लिवताना तोंडानं पुटपुटतोस, ल्हानपणापासनं खोड हाय तुझी, मला ऐकू आलं. बेवारस. आन् मला कळलं की हा चुकला. मी बोलले आसते तर तिथंच सगळं मिटलं आसतं. पण माझी गाय गाभण हाय रामकिसन, सातवा म्हयना. पत्र्याखाली उभी आसती, पत्रा कसा तापतो तुला म्हाईत हाय, दुपारी जीभ भाईर काढती. आन् सगळ्या छावणीत गार सावली एकच, त्या लिंबाची. माझ्या मनात आलं, ही जागा आता मोकळी व्हईल. एवढंच आलं. गप बसले. सांजच्याला तिनं कोरा चहा केला, माझ्या हातात पितळी दिली, मावशी, गरम हाय, संभाळून म्हणली. मी पिले. काल बी पिले. बघतोस काय आसा? बघ. चांगला बघ. दिराचं गाऱ्हाणं सांगत होते मघाशी मी — त्यानं कुलूप घातलं, मी काय केलं? येगळं काय केलं?

ऐकते, बोल. … माझ्या नावावर लिवतो म्हणतोस? गाय माझी दाखवायची, टरक रिकामा जाईल, सगळ्यांचं भागलं? लई हुशार झालास. आन् मग ती कोण? गाय माझी झाली की तिला छावणीत पाय ठिवायला कारण न्हाई. म्होरच्या सायेबानं इचारलं तर तिनं काय सांगायचं, मी तुळजाबाईच्या गायीची पाव्हणी? न्हाई. ती बेवारसची रेघ खोड.

खाडाखोड चालत न्हाई? मग साक्षीदार लाव. हा घे माझा अंगठा, शाई काढ. लिव, तुळजाबाईनं ऐकलं, तिला चूक कळली, आन् ती गप बसली. गैरसमज झाला आसं गुळगुळीत लिवू नको. गप बसली, आसंच लिव. सायेब माझ्याकडं आला तर मी सांगीन सावलीचं. आता मालकाच्या रकान्यात लिव, छबुबाई. म्होरं काय म्हणजे? नवऱ्याचं नाव ती घेणार न्हाई आन् तू इचारायचं न्हाई. नुसतं छबुबाई. म्होरं रकाना मोकळा दिसंल तर दिसू दे.

लिवलंस? वाच आता. पुटपुटू नको — ह्या खेपेला मोठ्यानं, लिंबापस्तोर गेलं पायजे.

… हां. तिनं मान वर केली.

ऊठ. माझ्याकडं काय बघतोस, टरक मागं घ्यायला सांग त्याला. जा.