माळावरचा मंतर

हसायचं तर हसा, पण धसईजवळच्या आमच्या गावात मी एक सकाळभर भगत होतो.

झालं काय, मला ताऱ्यांचा फोटो काढायचा होता. कॅमेरा अगदी साधा. पृथ्वी फिरते ना, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा उमटतात. म्हणून मी दोन फळ्यांना बिजागरी मारली आणि खालून बोल्ट घातला. बोल्ट हाताने हळूहळू फिरवला की वरच्या फळीवरचा कॅमेरा ताऱ्यांबरोबर सरकतो. वेग चुकू नये म्हणून मोठ्याने आकडे म्हणायचे. अंधार पाहिजे, म्हणून अवस गाठली आणि माळावर जाऊन बसलो.

सकाळी शेजारची ठमाकाकी नारळ घेऊन दारात उभी.

"म्हस हरवलीय रे. बघून सांग, कुठं गेली ती."

"मी कसं सांगू काकी?"

"अवसेच्या रातीला माळावर मंतर म्हनत व्हतास. सगल्यांनी ऐकलाय."

मी चिडलोच. तिला बसवलं आणि कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. एकेक तारा टिंबासारखा आला होता. आई गेल्यापासून घरात दाखवायला दुसरं होतं तरी कोण?

काकीने बराच वेळ पाहिला. "ब्येस हाय. पन मंग रातभर बोलत कोनाशी व्हतास?"

"कोणाशीच नाय. आकडे मोजत होतो."

"येकटाच?"

"एकटाच."

नारळ तिथंच ठेवून काकी उठली. दारात थांबून म्हणाली, "मंतर म्हनत असतास, तर बरा झाला असता रे."