चौदा तासांचा तर प्रश्न

...आणि वर मलाच समजावतो, "अरे, चौदा तासांचा तर प्रश्न आहे!" तुम्हाला सांगतो, आमचा दादा परदेशी गेल्याला पंधरा वर्षं झाली, तेव्हापासून हेच पालुपद, माझ्या लग्नात चौदा तास, आई गेली तेव्हाही चौदा तास, जणू विमान याच्या दाराशी उभंच आहे! आणि इकडे वडील हॉस्पिटलात, पाय हा असा सुजलेला, डॉक्टर म्हणतात, उद्या दुपारच्या आत ऑपरेशन झालं नाही तर पाय कापावा लागेल, आणि वडील काय म्हणतात? "थोरला आल्याशिवाय सही करणार नाही."

बरं, वडील म्हणजे चाळीस वर्षं बस डेपोत कंट्रोलर, त्यांना वेळेच्या थापा चालतात का हो? मी म्हटलं, "बाबा, चौदा तास." लगेच बोटं मोजायला लागले. "ते नुसते हवेतले. आधी विमानतळावर तीन, मधे विमान बदलायला पाच, सामान मिळायला एक, तिथून इथवर दोन... पंचवीस झाले. सुटला का तो?"

मी बाहेर जाऊन फोन लावला. दादा म्हणतो, "मीटिंग संपली की तिकीट बघतो रे, चौदा तासांचा तर..." मी फोन ठेवला, आत आलो.

"सुटला का?"

"सुटतोय, बाबा."

सकाळभर हेच, बाहेर जाऊन फोन आणि आत येऊन खोटं! नर्स येते, "आजोबा, सही करताय ना?" तर हे म्हणतात, "गाडी सुटू द्या." डॉक्टर येतात, घड्याळ बघतात, माझ्याकडे बघतात, आणि मी पुन्हा फोन घेऊन बाहेर.

शेवटी दुपारी तीनला वडिलांनी मला जवळ बोलावलं. "डेपोत जी गाडी सुटलीच नाही, तिला लेट म्हणत नाहीत रे. रद्द म्हणतात. आण तो कागद."

इतकं वाईट वाटलं मला... आणि खोटं कशाला बोलू, आतून जरा बरंही वाटलं. म्हटलं, चला, जवळचा कोण ते कळलं एकदाचं. त्यांनी सही केली. खाली रकाना होता, 'जवळचा नातेवाईक'. मी आपला माझं नाव सांगायला तयार, तर विचारतात, "तुझं घर किती लांब रे?"

"बारा मिनिटं, बाबा."

"मागची फेरी कधी झाली?"

आता दुकान असतं, मुलांच्या शाळा असतात, आणि बारा मिनिटांचा तर प्रश्न, माणूस म्हणतो कधीही जाता येईल... चार महिने झाले होते.

रकान्यात त्यांनी त्यांच्याच इमारतीतल्या, खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचं नाव घातलं, त्यानंच सकाळी त्यांना पाठुंगळीला घेऊन जिना उतरवला होता. पुढे 'नातं' असं छापलेलं. आता तिथे हे काय लिहिणार? तर लिहिलं, "सोळा पायऱ्या."