म्हातारीचं बेट

प्रल्हाद : नाही काकू, ती म्हातारी परत येतच नाही. मी अख्खं पुस्तक वाचलंय. सातशे चाळीस पानं.

यामिनीकाकू : अरे, येते. जहाज वळवतात न ते. ती कप्तान पोरगी सुकाणू आपल्या हातात घेते, अन् सगळे खलाशी नाही नाही म्हणत असतात. मागच्या महिन्यात इथेच तर सांगितलं मी, याच टेबलाशी बसून.

प्रल्हाद : तेच तर. तुम्ही इतकं भारी सांगितलंत की आपल्या वाचनकट्ट्यातल्या नऊ जणांनी त्या पुस्तकासाठी लायब्ररीत नंबर लावलाय. माझा पहिला लागला. तीन आठवडे मी त्या म्हातारीची वाट बघत वाचतोय. प्रत्येक चॅप्टरला वाटतं, आता वळेल जहाज. वळतच नाही.

यामिनीकाकू : दुसरंच पुस्तक आणलं असशील तू.

प्रल्हाद : तुमच्याच मोबाइलवरच्या फोटोवरून शोधलं, काकू. हे बघा. हेच कव्हर ना? निळं, आणि वर मिठाचे खडे?

यामिनीकाकू : हेच. यात म्हातारी तर आहे न पण? दोरीनं समुद्राच्या तळाचा गाळ वर काढते, जिभेला लावते, अन् सांगते जमीन किती लांब आहे ते?

प्रल्हाद : आहे ना. बेस्ट कॅरेक्टर आहे. पण एकशे चाळिसाव्या पानापर्यंतच. जहाजावरचं पिण्याचं पाणी संपत येतं. तेव्हा ती स्वतःच म्हणते, मला या बेटावर उतरवा आणि माझ्या वाटचं पाणी पोरांना द्या. उतरवतात तिला.

यामिनीकाकू : अन् मग?

प्रल्हाद : मग काही नाही. जहाज पुढे जातं. तीन लढाया, ड्रॅगनसारखे मासे, दोन लग्नं. उरलेल्या सहाशे पानांत तिचं नावसुद्धा येत नाही. मला वाटलं माझ्याच नजरेतून सुटलं, म्हणून ई-बुकमध्ये सर्च केलं. झिरो रिझल्ट्स.

यामिनीकाकू : एकदाही नाही?

प्रल्हाद : एकदाही नाही. ॲक्च्युअली मी जरा चिडलोच. फँटसी लिहिताय, तुमच्या हातात सगळं आहे, एक जहाज वळवायला काय जातं? काकू, पण जहाज वळतं हे तुम्ही वाचलंत कुठे?

यामिनीकाकू : मी कुठे वाचलं रे. एवढं इंग्रजी मला कुठलं झेपायला. माझी सून सांगते, रेणू. मंगळवारी अन् गुरुवारी ती ऑफिसला जाताना मला सीनियर सेंटरला सोडते. गाडीत तिचं ते ऐकायचं पुस्तक लागलेलं असायचं. मी एक दिवस विचारलं, काय सांगून राहिली गं ही बाई? तेव्हापासून ते बंद ठेवून तीच मला मराठीत सांगते. मी एप्रिलमध्ये अमेरिकेत, इथे बॉथेलला आली तेव्हापासून चालू आहे आमचं.

प्रल्हाद : म्हणजे रेणूने... नाही, तिचंही मिस झालं असेल काहीतरी. ऑडिओबुकमध्ये होतं तसं. ट्रॅफिककडे लक्ष असतं, एखादा चॅप्टर स्किप होतो.

यामिनीकाकू : चॅप्टर स्किप झाला तर गोष्ट कमी होईल, बाबा. वाढेल कशी? प्रल्हाद, मी नागपूरला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. दिवसभर कानाला हेडफोन. ऐकलेलं सांगणाऱ्याचा आवाज वेगळा असतो, अन् मनानं जुळवून सांगणाऱ्याचा वेगळा. जुळवणारा माणूस वाक्याच्या आधी श्वास घेतो. जूनपासून ही श्वास घेऊन राहिली. मला वाटलं, थकत असेल बापडी.

प्रल्हाद : पण का बदलेल ती?

यामिनीकाकू : ते मी विचारते तिला. तू तिच्यासमोर काही काढू नको. येईलच आता घ्यायला. तू दुसरं सांग. सध्या काय वाचून राहिला?

प्रल्हाद : सायन्स फिक्शन. मस्त आहे. एका अंतराळयानात चारशे माणसं झोपवून ठेवलीयेत, दोनशे वर्षांचा प्रवास. आणि मशीनमधल्या बिघाडामुळे एकटा आचारीच जागा होतो.

यामिनीकाकू : चारशे झोपलेले अन् आचारी जागा? त्याला काम काय मग?

प्रल्हाद : तीच तर गंमत आहे. तो रोज चारशे जणांचा मेन्यू ठरवतो आणि एकट्यापुरतं शिजवतो. पहिली शंभर पानं स्लो आहेत, पण सोडू नका. म्हणजे, रेणूला सांगायला सांगा. म्हणजे... नको, मीच सांगेन तुम्हाला.

यामिनीकाकू : हं. अन् हे घे, तू दिलेली ऐतिहासिक कादंबरी. वाचून झाली.

प्रल्हाद : भोसल्यांच्या हरकाऱ्याची? कशी वाटली? तुमच्या नागपूरची आहे म्हणून मुद्दाम दिली.

यामिनीकाकू : हरकारा गुणाचा आहे. खलिता घेऊन नागपूरहून कटकपर्यंत पळतो, अन् एकदाही त्याचे पाय दुखत नाहीत. बायका मात्र पहिल्या पानापासून निरांजन घेऊन उभ्या. हा गेला की ओवाळतात, आला की ओवाळतात. मधल्या दिवसांत त्या काय करत होत्या, ते काही लिहिणाऱ्यानं विचारलं नाही. जेवणाचं वर्णन तेवढं झकास आहे.

प्रल्हाद : मी हे रिव्ह्यूमध्ये टाकू का? तुमच्या नावाने?

रेणू : सॉरी आई, पार्किंगच मिळेना. कशाचा रिव्ह्यू? हाय प्रल्हाद.

प्रल्हाद : हाय, हाय. काही नाही, पुस्तकांचंच. म्हणजे ते निळं नाही, वेगळीच पुस्तकं.

रेणू : कुठलं निळं?

यामिनीकाकू : त्याची पिशवी निळी आहे. चल, निघू आपण.

प्रल्हाद : काकू, पुढच्या कट्ट्याला तुम्हीच सुरुवात करायची हं. सगळे विचारत होते.

यामिनीकाकू : पुढच्या कट्ट्याला मी नाही रे. चौदा ऑक्टोबरचं तिकीट आहे.

रेणू : ते अजून नक्की नाहीये.

यामिनीकाकू : तिकीट नक्की आहे, प्रल्हाद. बाकीचं आम्ही घरी बघू. येते.

(गाडीत, घरी जाताना.)

रेणू : फोर-ओ-फाइव्ह हायवेवर रविवारीसुद्धा हे हाल. वीस मिनिटं तरी जातील. पुढचं सांगू का? गुरुवारी कुठे थांबलो होतो आपण?

यामिनीकाकू : म्हातारीला ताप आला होता, अन् कप्तान पोरगी तिच्या उशाशी बसली होती.

रेणू : हां, बरोबर. मग... सकाळी ताप उतरतो तिचा. आणि म्हातारी डोळे उघडून म्हणते...

यामिनीकाकू : श्वास घेतला तू.

रेणू : काय?

यामिनीकाकू : काही नाही. रेणू, एकशे चाळिसाव्या पानावर काय होतं?

रेणू : का हो, आई? प्रल्हाद काही... ओ गॉड. ते निळं.

यामिनीकाकू : त्याला रागावू नको. बिचारा सहाशे पानं म्हातारीला शोधत बसला. कॉम्प्युटरलाही विचारून आला.

रेणू : आणि तुम्ही सगळ्यांना ते रेकमेंड केलंत. माझ्यामुळे चारचौघांत तुम्हाला खोटं पडावं लागलं.

यामिनीकाकू : कोणी खोटं पाडलं नाही. तोही म्हणे, एक जहाज वळवायला काय जातं? का बदललं, एवढंच विचारते मी.

रेणू : तुम्हाला आठवतं, जूनमध्ये शैलेंद्रने ग्रीन कार्डचे फॉर्म आणून टेबलवर ठेवले होते? म्हणाला, आई, तू बघून घे, घाई नाही.

यामिनीकाकू : आठवतं. लाइटच्या बिलासारखे ठेवले होते.

रेणू : तो तसाच आहे. पोटात सगळं असतं, पण सख्ख्या आईशीसुद्धा ईमेल पाठवल्यासारखा बोलतो. आणि तुम्ही म्हणालात, मला कशाला इथे ठेवता, माझ्यापायी नातीची खोली गेली, नैनाला द्या ती परत. मी आपली तिकिटाच्या तारखेला जाते. एवढं बोलून गाडीत येऊन बसलात.

यामिनीकाकू : अन् म्हटलं, सांग पुढचं.

रेणू : हो. आणि मी आदल्याच दिवशी तो चॅप्टर ऐकला होता. माझ्या वाटचं पाणी पोरांना द्या. आई, शब्दसुद्धा साधारण तेच होते. तुम्ही बेल्ट लावलात आणि विचारलंत, मग काय झालं म्हातारीचं? मला नाही सांगता आलं. मला रडू फुटलं असतं, आणि गाडी चालवत होते मी.

यामिनीकाकू : म्हणून जहाज वळवलं.

रेणू : वळवलं. नंतर थांबताच येईना. तुमचा तिच्यात जीव अडकला होता. चार महिने झाले, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून विचार करते की आता म्हातारीला काय करायला लावू.

यामिनीकाकू : अन् ताप कशाला आणला मग तिला?

रेणू : आयडिया संपल्या होत्या, यार. सॉरी, आई. चुकून आलं तोंडात.

यामिनीकाकू : असू दे. एक्स्चेंजमध्ये आम्हीही म्हणत होतो एकमेकींना.

रेणू : आई, राहा ना तुम्ही. शैलेंद्रला बोलता येत नाही, तर मी बोलते. खोलीबिलीचा काही प्रश्न नाही, नैनाला तुमच्याशिवाय झोप येत नाही आता. आणि मला तुम्हाला तिथे एकटं सोडायचं नाहीये. विमानतळावरून परत येताना मी कशी गाडी चालवेन, तेच मला कळत नाहीये.

यामिनीकाकू : हे ऐकायचं होतं मला. जूनपासून कान लावून बसली होती.

रेणू : मग राहाल?

यामिनीकाकू : नाही गं.

रेणू : आई...

यामिनीकाकू : समोर बघ आधी. ऐक. ते फॉर्म फाडू नका, नीट ठेवा. उद्या गुडघ्यांनी अगदीच संप केला तर बघू. पण चौदाला मी जाते. तुमची अडचण होते म्हणून नाही. ते तेव्हा म्हटलं, ते खरं नव्हतं. कोणी ‘जाऊ नका’ म्हणते का, बघत होती मी. फॉर्म पाहून मनाला लागलं होतं माझ्या.

रेणू : आणि खरं काय?

यामिनीकाकू : खरं हे, की तिथे माझा दिवस आहे. समोरच्या ब्लॉकमध्ये विनीता आहे. चाळीस वर्षांची ओळख आमची, तिची अन् माझी खुर्ची एक्स्चेंजमध्ये शेजारी शेजारी होती. सकाळचा चहा आम्ही एकत्र पितो. सहा महिने ती एकटी पिऊन राहिली. भाजीवाल्याशी मी स्वतः भांडते, लायब्ररीत स्वतः चालत जाते. इथे तुम्ही फुलासारखं ठेवता मला, पण साधी कोथिंबीर आणायची म्हटलं तरी तू ऑफिसातून यायची वाट पाहावी लागते.

रेणू : ते कळतं मला. पण त्या म्हातारीला ते सोडून देतात, आई. मला तेच सहन होत नव्हतं.

यामिनीकाकू : प्रल्हाद म्हणाला न, तीच सांगते उतरवा म्हणून? मग सोडली कुठे? उतरली ती. आयुष्यभर समुद्र चाखलेली बाई आहे. बेटाजवळचा गाळ तिनं आधी जिभेला लावला असेल, अन् इथे गोडं पाणी आहे हे तिला कळलं असेल. उगीच नाही उतरली.

रेणू : हे पुस्तकात नाहीये.

यामिनीकाकू : नसू दे. लिहिणारा जहाजावर होता, त्याला बेटावरचं काय ठाऊक? मला एकच गोष्ट लागली. सहाशे पानांत तिचं नाव नाही. उतरू दिलं ते ठीक. पण जेवायला बसताना एकानं तरी म्हणायचं होतं, आज म्हातारी असती तर.

रेणू : आम्ही रोज म्हणू.

यामिनीकाकू : रोज नको, उचक्या लागतील मला. मंगळवार अन् गुरुवार पुरे. तू सकाळी साडेआठला गाडी काढते, तेव्हा माझ्याकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. माझं जेवणखाण, झाकपाक सगळं आटोपलेलं असतं. गाडीच्या स्पीकरवर फोन लावत जा.

रेणू : आणि पुढचं सांगत जाऊ?

यामिनीकाकू : तू जहाजाचं सांग. ते पुस्तकात आहे तसंच, खरं खरं. त्या लढाया, ते मासे, अन् दोन लग्नं कोणाकोणाची झाली ते. बेटाचं मी सांगीन.

रेणू : बेटाचं काय सांगाल?

यामिनीकाकू : सांगीन न. ती पहाटे उठते, दार उघडते. समोरच्या बेटावरून तिची मैत्रीण होडी वल्हवत येते, चहा प्यायला.

रेणू : त्या जगात चहा आहे?

यामिनीकाकू : ड्रॅगनसारखे मासे चालतात, अन् चहा नाही चालत?

रेणू : चालतो. चालतो, आई. आणि मग दिवसभर काय, जहाजाची वाट बघत बसते?

यामिनीकाकू : वेळ कुठे आहे तिला. दिसलं, तर हात हलवते.