बाकाखालचं झाकण

आमच्या ओहायोतल्या गावच्या हार्डवेअर दुकानात रांगेत माझ्यापुढे व्हर्ना होती, हातात ‘फुकट न्या’ची पाटी घेऊन. सोबत तिची शेजारीण आर्डिथ तिला विचारत होती.

“घर विकतेयस, कळलं. पण ही पाटी कशाला?”

“मर्लच्या बाकाला. रस्त्याकडेला ठेवून देते.”

“अगं, नवऱ्यानं जाण्याआधी स्वतःच्या हातानं केलेला बाक!”

“काल विक्रीआधी घर तपासायला तपासनीस आला होता. सेप्टिक टँकचं झाकण मातीखाली कुठंय ते एकट्या मर्लला ठाऊक, आणि तो तर गेला. मग त्या माणसानं पाइपातून कॅमेरा सोडला, वर हिरवळीवर कॅमेऱ्याचा माग काढणाऱ्या यंत्राची टुकटुक ऐकत फिरला. थांबला कुठे? बाकापाशी!”

“म्हणजे बाकाखालीच?”

“बरोब्बर खाली. ‘व्हर्ना, बाक हलवू नकोस हं,’ म्हणायचा. मी खुळी रोज संध्याकाळी तिथं बसायचे. वाटायचं, माझ्यासाठी केलाय. ती नुसती झाकणाची खूण!”

“तोंड कुठे होतं गं बाकाचं?”

“तळ्याकडे. पश्चिमेला.”

“खुणेला एक दगड पुरला असता, बाई. आणि झाकणाला काय सूर्यास्त बघायचा होता?”

“…आर्डिथ, माझी जागा धर. ही पाटी होती तिथं परत ठेवून येते.”

“बरं.”

“आणि वार्निश कुठल्या फळीवर असतं गं?”