सातवी सभासद

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावरील मान्यवर पाहुणे, माजी सैनिक बंधुसंघाच्या सर्व शाखांचे पदाधिकारी, पुढे खुर्च्या रिकाम्या असूनही मागे भिंतीला टेकून उभे असलेले सभासद, आणि माझ्या भगिनींनो,

आपले संघटक आज निवृत्त होत आहेत. फौजेत ते बिनतारी संदेश पाठवायचे, म्हणून सगळे त्यांना वायरलेसदादा म्हणतात. सरचिटणीस या नात्याने मी त्यांच्याबद्दल चार गौरवाचे शब्द बोलावेत, अशी अपेक्षा आहे. प्रयत्न करतो.

मी पद स्वीकारलं तेव्हा संघाच्या दोन शाखा होत्या, आणि दोन्ही शहाण्यासारख्या वागत. मग दादा फिरायला लागले. लाँड्रीच्या मागच्या खोलीत शाखा, सायकलच्या दुकानाच्या माळ्यावर शाखा. एका गल्लीत तर समोरासमोर दोन, कारण दोन तोफखानेवाल्यांना एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं. प्रत्येक शाखेला फलक हवा, शिक्का हवा, कुलपाचं कपाट हवं. मागणार कुणाकडे? सरचिटणिसाकडे.

आपल्या नियमाप्रमाणे शाखेला सात सभासद लागतात. दादांनी एक शाखा चक्क तिसऱ्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडात उघडली. तिथे सुरुंग काढणारा एक जवान राहायचा. पाठीचा कणा गेलेला, अंथरुणाला खिळलेला. त्याच्यासाठी सहा म्हातारे दर महिन्याला गुडघे धरत जिने चढायचे. ही कसली शाखा, असा मी जाब विचारला आणि दादांना घेऊन ती बंद करायला स्वतः गेलो. लिफ्ट नाही, हे दादांनी मला सांगितलं नव्हतं.

वर पोचलो तर पलंग दाराकडे तोंड करून ठेवलेला. गडी दाढी करून, कोट घालून, उशांना टेकून बसलेला. ही शाखा मुख्य शाखेत विलीन करतोय, असं मी सांगितलं. तो रागावला नाही.

"करा साहेब," म्हणाला. "पण मग या मंडळींना इथे यायला निमित्त काय उरेल?"

मी चहा घेतला, विलीनीकरणाचा कागद खिशातच ठेवला आणि निघालो. उतरताना दादांना पायरीपायरीला सुनावलं. ते नुसते 'हं, हं' करत होते.

पुढे तो जवान गेला. उरले सहा. आता तरी शाखा आपोआप मिटेल, असं मी धरून चाललो होतो, तोच त्याची बायको कार्यकारिणीच्या बैठकीत येऊन उभी राहिली. "सातवी मी," म्हणाली.

मी नियम दाखवला. वहिनी, सभासद फौजेतला लागतो, तुम्ही कुठे होतात, असं विचारलं.

"ते झोपेत अंथरूण चाचपून सुरुंग शोधायचे," ती म्हणाली. "तेव्हा त्यांच्या शेजारी मी होते."

दादांनी लगेच नियम बदलायचा ठराव मांडला आणि हात वर झाले. माझाही. तो वर कसा गेला, ते मला अजून कळलेलं नाही.

परिणाम? आज एकूण शाखा किती, हे मला विचारू नका. परवा मोजलेला आकडा आता चुकीचा असेल. निम्म्या आपल्या भगिनी चालवतात. त्या रुग्णालयात जातात, पेन्शनच्या कचेरीत ठाण मांडतात, आणि मला नेमक्या जेवणाच्या वेळी फोन करतात. खरं तर 'बंधुसंघ' हे नावही आता बदलायला हवं, हे अध्यक्षांनी लक्षात घ्यावं.

दादा आता लेकीकडे राहायला जात आहेत. तिथे आपली शाखा नाही. मला वाटलं, सुटलो. काल त्यांचा फोन आला. लेकीच्या शेजारी एक निवृत्त नौसैनिक राहतो, दिवसभर खिडकीत बसून असतो, कुणाशी बोलत नाही. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि फलक कुठल्या पत्त्यावर पाठवू, असं विचारून बसलो.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर उदार मनाने पोटात घाला. दादांबद्दल जे बोललो त्याची मात्र माफी मागणार नाही. त्यांनीही माझी कधी मागितलेली नाही.