खंबीर बाईचं पत्र

—आणि हे काय? पाद्रीबाबांचं पत्र, फुटबॉलच्या संघाचं पत्र, ज्यांची छपरं तुझ्या नवऱ्यानं घातली त्या सगळ्यांची पत्रं! अगं येसेनिया, एलिआसारला संतपद द्यायचंय का आपल्याला? तो चांगला आहे, दारू पीत नाही, रविवारी चर्चला जातो — मान्य! पण इमिग्रेशनचा साहेब ते विचारतच नाही. तो एकच विचारतो — हा माणूस दहा वर्षं मेक्सिकोत अडकला तर इथल्या अमेरिकन नागरिक बायकोचे किती हाल होतील? बायकोचे. म्हणजे तुझे. त्याचे नाहीत, त्याच्या आईचे तर नाहीतच. पटलं तर माफी. नाही पटलं तर चोरून सीमा ओलांडल्याची शिक्षा — दहा वर्षं पलीकडे. वकीलसाहेबांनी सांगितलं नाही? ते कशाला सांगतील! ते कोट घालून कोर्टात मिरवतात नि शेवटी सही ठोकतात. पत्रं सगळी या ओफेलियाच्या टेबलावर येतात.

बघू तुझं. एकच पान? दहा वर्षांसाठी एक पान! 'देवाच्या कृपेनं आमचं ठीक चाललंय. मी कष्टाळू आहे. काहीही झालं तरी मी मुलींना सांभाळीन.' — वा गं वा! मग नवरा हवाय कशाला? साहेब शाबासकी देईल नि फाईल बंद करेल. आपल्या बायकांची हीच खोड. घरात दाणा नसला तरी शेजारणीला म्हणायचं, या, जेवून जा. आयांनी, मावश्यांनी हेच शिकवलं ना — दुःख बाहेर काढायचं नाही, लोक हसतात. अगं, साहेब काय शेजारीण आहे तुझी? त्याच्यापुढे कसली आलीय अब्रू!

पर्समधून काय पडलं ते? लपवू नकोस, दे इकडे. गोळ्या — तुझंच नाव आहे वर. कसल्या?... फिट येतात? कधीपासून? — आणि हे पत्रात नाही! धाकटीला आंघोळ घालताना आली, एलिआसार घरात होता म्हणून पोर वाचली — आणि बाईसाहेब लिहितात, 'मी मुलींना सांभाळीन'! काय म्हणालीस? सासूला कळेल? तिकडे मेक्सिकोत, चिवावात बसलेल्या सासूला तुझी फाईल दाखवायला कोण जातंय? आजारी मुलगी गळ्यात बांधली म्हणतील — म्हणू देत की! दहा वर्षं नवरा गेला तर काय म्हणतील, ते पण विचार त्यांना.

मला काय कळणार? मला! नव्व्याण्णव साली याच एल पासोत बसून मी पण पत्र लिहिलंय, बाई. तेव्हा नवऱ्याला आधी पलीकडे जाऊनच अर्ज करावा लागायचा. माझा रोखेलियो पुलापलीकडे, मेक्सिकोच्या हुआरेसमध्ये थांबलेला, मी कामाला होते तो शिवणाचा कारखाना बंद पडलेला, घशाखाली घास उतरत नव्हता — नि मी लिहिलं काय? 'मी खंबीर आहे. मी वाट पाहीन.' एवढं सुरेख अक्षर काढलं होतं! आणि त्या साहेबानं माझ्यावर विश्वास ठेवला. अर्ज नामंजूर. मग दर रविवारी पूल ओलांडून जायचे, मक्याच्या पानात उकडलेले तामालेस घेऊन — त्याला डुकराच्या मांसाचे आवडतात. तिसऱ्या वर्षी त्यानं दारातच थांबवलं. आत कुणीतरी खोकत होतं. म्हणाला, 'ओफेलिया, तू खंबीर आहेस. हिला माझी गरज आहे.' हिला! डबा मी तिथंच उंबऱ्यावर ठेवला नि परत आले. रांगेत दोन तास उभी होते पुलावर, एक थेंब काढला नाही डोळ्यातून. मूर्ख बाई.

काय बघतेस अशी? वकीलसाहेबांना वाटतं मी विधवा आहे, आणि त्यांना तसंच वाटू दे, कळलं? ही घे कोरी पानं, खिडकीपाशी बस. फिट कधी आली, कुठं आली, पोरीला कुणी उचललं — सगळं तारखेनिशी लिही. लाज वाटली तरी लिही. चल, ऊठ आता, पुढची बाई कधीची उभी आहे.